लाल ट्रॅक्टरची सीट

फोरमनला कुणी काही विचारायची गरजच नसे. विचारायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असायचं. बस डेपोत उभी हयात गेलेली, तीही इंजिनांच्या पोटात डोकं घालून. मग निवृत्त झाल्यावर त्या डोक्याचं करायचं काय? तो न्हाव्याच्या दुकानात बसायचा आणि दाढीला आलेल्यांना बॅटरी, टायर आणि ऑइल यांवर ऐकवायचा. तोंडाला साबण लावलेला माणूस पळून तरी कुठे जाणार! आधी लोक ऐकायचे, मग नुसती मान डोलवायला लागले, आणि पुढे पुढे तर फोरमन येताना दिसला की न्हावी रेडिओ मोठा करायचा. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळायचं सगळं. पण घरी बसून भिंतींना किती सांगणार?

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आम्हाला छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. तू चल ना बघायला. मला त्यातलं काय कळतंय?"

बहिणीची जमीन टीचभर. वरच्या अंगाला फळझाडं, खालच्या अंगाला भाजी, आणि दोन्हींना जोडणारी उताराची वाट. दाजींची कंबर कामातून गेलेली, त्यामुळे ते अंगणातल्या खुर्चीतून शेती करत, म्हणजे तोंडानं. हातांनी करायची ती बहीणच. नांगरटीला भाड्याचा मोठा ट्रॅक्टर सांगायचा, तर त्याचा मालक सगळ्या जगाची शेतं उरकून मग हिच्याकडे येणार, आणि येऊन झाडांच्या फांद्या मोडून जाणार. वर पुन्हा हिनंच त्याला चहा पाजायचा.

"विटले रे मी लोकांची वाट बघून," ती म्हणाली. "मनात आलं की आपण किल्ली फिरवायची आणि निघायचं. एवढंच हवंय बघ मला."

फोरमनला काय, हत्तीचं बळ आलं. पुढचा सगळा आठवडा त्यानं ट्रॅक्टरांचाच ध्यास घेतला. शहराबाहेर एक मोठं आवार होतं, तिथे परदेशात वापरून झालेले छोटे ट्रॅक्टर जहाजानं येत आणि रंगरंगोटी होऊन स्वस्तात विकले जात. फोरमन आधी एकटाच जाऊन सगळे बघून आला. बहिणीच्या ऐपतीत बसणारे तीन निघाले: एक नारिंगी, एक निळा, एक लाल.

मग बहिणीला घेऊन गेला तेव्हा त्याचा थाट काय विचारता! नारिंगीच्या ऑइलचा थेंब त्यानं दोन बोटांत चोळला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "वरून नवरी, आतून गंज. आणि याचे पार्ट शोधत फिराल जन्मभर." आवाराचा मालक कसनुसा हसला. निळा अरुंद आणि ठेंगणा होता, दोन सिलिंडरचा. "चढावर मागे जड काही लावलं तर तोंड वर करेल हा." लाल मात्र तीन सिलिंडरचा, चारही चाकं ओढणारा, मागची लिफ्ट लोण्यासारखी वरखाली होणारी. लिव्हरांवर परक्या लिपीतली चित्रासारखी अक्षरं होती. फोरमननं ती न वाचताच कुठली कशाची ते सांगून टाकलं. आवारातली पोरंसुद्धा हातातलं काम टाकून ऐकायला जमली.

बहीण निळ्यापाशी उभी होती. तिनं त्याच्या स्टिअरिंगवर हात ठेवला. "दादा, हा बरा वाटतोय ना? मी जरा बसून बघू?"

"अगं बुटके, ते खेळणं आहे! बसून काय बघतेस? मी आहे ना बघायला."

सगळे हसले. बहीणही हसली, आणि तिनं हात काढून घेतला. "बरं बाबा, तूच बघ."

फोरमन लालवर चढला. पाठ नीट टेकली, गुडघे मोकळे, पाय सरळ क्लचवर. त्यानं ऐटीत आवाराला एक चक्कर मारली आणि वरूनच ओरडला, "सीट तर अशी आहे, जणू माझं माप घेऊन बनवलीय!"

झालं, लाल ट्रॅक्टर घरी आला.

पुढचे काही महिने फोरमनचे सुखात गेले. न्हाव्याच्या दुकानात त्यानं तिन्ही ट्रॅक्टरांची कथा इतकी रंगवली की न्हाव्यानं रेडिओ आपणहून बारीक केला. दोघंतिघं तर खरंच सल्ला विचारायला आले. आणि बहिणीला फोन केला की तिचं उत्तर ठरलेलं, "झकास चाललाय रे दादा. काही काळजी करू नकोस."

एके दिवशी तो न कळवताच बहिणीकडे निघाला. पिशवीत ग्रीसचा डबा, पाने, ड्रिल. यंत्राला डॉक्टरांची भेट, असं त्याचं स्वतःशीच चाललेलं.

"या या!" दाजी खुर्चीतून म्हणाले. "तुमच्या लाल घोड्यावरच आहे ती."

झाडांमधून ट्रॅक्टर येताना दिसला आणि फोरमनचं हसू ओठांतच राहिलं. बहीण सीटवर बसलेली नव्हतीच. पाठीमागे दोन उशा लावून ती सीटच्या काठावर कशीबशी टेकली होती, आणि क्लच दाबायचा म्हटलं की स्टिअरिंगला लोंबकळून अर्धी उभी राहत होती. ट्रॅक्टर थांबवून ती खाली उतरली, तीही लंगडत. नडगीवर पट्टी होती.

"हे काय झालं?"

"काही नाही रे. दगड लागला."

"कसला दगड?" दाजी बोललेच. "उतारावर ठोकळा निसटला आणि गाडी थेट पेरूच्या झाडात! नशीब, झाड होतं."

"अहो, तुम्ही गप्प बसा ना जरा!"

फोरमन खाली वाकला. क्लचच्या पेडलवर लाकडाचा एक ठोकळा होता, जुन्या खुर्चीच्या पायाचा कापलेला, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधलेला. ब्रेकवरही तसाच. लाकूड चपलेनं घासून गुळगुळीत झालं होतं.

फोरमननं त्या लाकडावरून बोट फिरवलं. लहानपणापासून फळीवरचे डबे तिला कोण काढून देत आलं? हाच. तिला बुटकी म्हणून कोण चिडवत आलं? हाच. आणि त्या दिवशी आवारात ऑइल हुंगलं, टायर बडवले, सिलिंडर मोजले, पण चालवणार कोण, हे याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती स्वतःहून बसायला निघाली होती, तर चारचौघांत तिचं हसं केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"आणि मला झकास म्हणून सांगत होतीस?"

"झकासच आहे. नांगरतो छान, चढतो छान. तुझं काही चुकलं नाही दादा, माझेच पाय तोकडे."

"अगं, पण सांगायचंस ना मला! एक फोन तर करायचा होता."

ती पदरानं हात पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "कशी सांगणार? त्या दिवशी तू किती खुशीत होतास. घरी बसल्यापासून तुला तसं हसताना बघितलंच नव्हतं. म्हटलं, पायाचं काय, पोचेल कसातरी."

फोरमनला तिच्याकडे बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून तो ट्रॅक्टरवर चढला, उशा काढल्या आणि बसला. पाठ टेकली. गुडघे मोकळे. पाय सरळ क्लचवर. सगळं त्या दिवशीसारखंच, त्याच्याच मापाचं. चटका बसावा तसा तो खाली उतरला.

मग त्यानं पिशवी उपडी केली. सीटचे नट सोडले, खालच्या पत्र्याला पुढे ओळीनं नवी भोकं पाडली आणि सीट पुढे घेऊन बसवली. पेडलवर लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घ्यायच्या होत्या. त्यासाठी उद्या वर्कशॉप गाठायचं ठरवलं. त्यानं ट्यूबची पट्टी सोडली आणि दोन्ही ठोकळे काढून पिशवीत टाकले. घामानं डोळे चुरचुरत होते, निदान त्यानं दाजींना तरी तसंच सांगितलं.

"बस आता."

बहीण चढून बसली. पाय लांब करून म्हणाली, "हो, पोचला. चालेल."

फोरमननं पाहिलं. नुसता अंगठा टेकला होता. टाच हवेत होती.

"चालेल म्हणू नकोस," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून काही म्हणू नकोस. नीट सांग."

ती घुटमळली. एकदा दादाकडे, एकदा पायाकडे बघितलं. "थोडी अजून पुढे हवी," ती म्हणाली.

फोरमननं पुन्हा नट काढले, सीट पुढच्या भोकांवर सरकवली आणि तिथेच, तिच्या पायाशी, मान खाली घालून बसून राहिला.

"आता?"

"अजून," बहीण म्हणाली.