रुमालातून गाळलेला तलाव

हनीफभाईंना पाणी दिलं की ते आधी पेला उजेडात धरून बघतात. मूळचे हर्णैचे. सौदीत बावीस वर्षं झाली, त्यातली बरीच पाण्याचा टँकर चालवण्यात गेली. नळीच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय त्यांनी कुणाची टाकी भरली नाही. गेल्या वर्षी ते अल सुलै भागातल्या एका प्रयोगशाळेत ड्रायव्हर म्हणून लागले आणि धरणामागच्या तलावातून दर आठवड्याला पाण्याच्या बाटल्या भरून आणू लागले.

त्याच प्रयोगशाळेत माझी नूपुर सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर लागली. गोड्या पाण्यात तरंगणारे बॅक्टेरिया ओळखायचे आणि कोण कुठल्या घराण्यातला ते लावायचं, हे तिचं काम. यातले बहुतेक बशीत वाढवायला गेलं तर वाढतच नाहीत, म्हणून डीएनए वाचून कूळ ठरवतात.

"म्हणजे स्थळं बघताना करतात तसंच," मी म्हटलं.

"आई, प्लीज!"

पाचव्या महिन्यात घोटाळा उघड झाला. हनीफभाई आणत त्या प्रत्येक बाटलीत एक आगंतुक होता, माणसाच्या कातडीवर राहणारा. तलावात त्याचं काय काम? लॅबच्या प्रमुख डॉक्टर इस्मत नूपुरला म्हणाल्या, "बेटा, ये तुम्हारे हाथों से आया है. संडे तक वजह बताओ, वरना मैं तुम्हें कन्फर्म नहीं कर सकती."

मी तिला आधी नखं कापायला लावली. मग घरातल्या तिन्ही बेसिनांवर नवे साबण ठेवले. गिरीश, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "आता तिलाच उकळून घे." यांना चेष्टा कधीही सुचते.

शुक्रवारी बाटल्या कशा भरतात ते बघायला नूपुर हनीफभाईंबरोबर तलावावर निघाली. मीही निघाले.

"आई, मी कामाला चाललेय. पिकनिकला नाही."

"वाळवंटात गाडी बंद पडली तर?" मी मेथीचे पराठे डब्यात भरले.

तलावावर हनीफभाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. खिशातून निळ्या वेलबुट्टीचा पांढरा रुमाल काढला, बाटलीच्या तोंडावर ताणून धरला आणि बाटली बुडवली. मला इतकं बरं वाटलं. किती टापटिपीचा माणूस!

"दुहेरी करा हो," मी काठावरून सांगितलं. "शेवाळ बारीक असतं."

"केलाय ना वैनी. दर वेळी दुहेरीच करतो."

नूपुर अशी किंचाळली की मला वाटलं साप निघाला.

"हनीफ अंकल! दर वेळी?"

"मग? मॅडम एवढ्या शिकलेल्या. त्यांना गाळ नेऊन देऊ?"

"अगं, गाळूनच दिलंय त्यांनी," मी म्हटलं.

"आई, त्याच रुमालाने ते घाम पुसतात!"

हनीफभाईंनी रुमालाकडे पाहिलं. "आधी नाही पुसत, पोरी. बाटली भरून झाल्यावर पुसतो."

"आणि मग पुढची बाटली भरता ना!"

परतीच्या वाटेवर पराठ्यांना कुणी हात लावला नाही. खरं सांगितलं तर नूपुर सुटत होती, पण या वयात हनीफभाईंची नोकरी गेली तर? मी हळूच म्हटलं, "रुमाल वाऱ्याने उडून पाण्यात पडला, असं सांगितलं तर?"

"वैनी, पाच महिने वारा?"

रविवारी ते स्वतःच रुमाल पिशवीत घालून डॉक्टर इस्मतपुढे उभे राहिले. "मॅडम, लड़की के हाथ साफ़ हैं. गंदगी मेरी है."

डॉक्टर बाईंनी रुमालच तपासायला घेतला. आगंतुक तिथेच नांदत होता. तलावाचे खरे रहिवासी एवढे सूक्ष्म, की दुहेरी कापडातूनही खुशाल निघून आले होते. आगंतुकाला वगळलं आणि नूपुरची पाच महिन्यांची यादी वाया जायची वाचली. नूपुर कायम झाली. हनीफभाईंना सज्जड दम मिळाला आणि हातमोज्यांचा एक खोका.

रुमाल मात्र लेबल लावून लॅबच्या फ्रीजरमध्ये ठेवलाय. हनीफभाई दोनदा मागून आले, मिळाला नाही. शेवटी काल आमच्याच घरून त्यांनी बायकोला, नूरुन्निसाभाभींना, व्हिडिओ कॉल लावला आणि कबुली दिली. वेलबुट्टी भरून तो रुमाल भाभींनीच पाठवला होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं.

"त्या मॅडमना सांगा वैनी, मी तो उकळत्या पाण्यात धुऊन, इस्त्री करून पाठवला होता. त्यावर जे काही सापडलं, ते सगळं सौदीतलं."