घरमालकांचा फेरा

गेल्या वाटेने कधीही परत न येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते आमचे घरमालक. आणि त्यांना परत फिरायला लावणाराही मीच. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

सत्तरचं दशक सरत होतं. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला मी बेलापूरच्या खाडीकाठी एका गावात त्यांच्या ओटीलगतच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरमालक दर रविवारी किल्ल्यावर जायचे आणि मला सोबत न्यायचे. किल्ला म्हणजे काय, खाडीकडे तोंड करून बसलेले पडके बुरूज. पण ह्यांचा थाट दरबाराला निघाल्याचा. स्वच्छ धोतर, आणि ऊन असो की पाऊस, काखेत छत्री. जाताना मिठागराच्या बांधावरून, येताना टेकडीखालच्या भातखाचरांतून. बुरुजापाशी पोचले की खाकरायचे आणि हाक द्यायचे, "कोन हाय कं आतमदी?" विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, मग घरधनी कैक पिढ्यांपूर्वी का गेलेला असेना! एकदा आतून बोकडाने उत्तर दिलं, तर "पावना हाय" म्हणून त्या दिवशी बाहेरच बसले.

सगळ्यात कडक नियम फेऱ्याचा. "आल्या वाटंनी माघारी गेलं त वाट रुसते," असं त्यांचं म्हणणं. एकदा छत्री किल्ल्यात विसरली. दहा पावलांवर आठवली. मी म्हटलं, "थांबा, पळत जाऊन आणतो." "खबरदार, नकाशेवाले!" आम्ही खाचरांतून घरी आलो, त्यांनी दारातल्या तुळशीला हात लावून फेरा पुरा केला आणि छत्री आणायला पुन्हा मिठागरावरून निघाले. त्यांची बायको ओरडली, "येडे झाले कं तुमी? जेवून तरी जा!" "फेरा आधी, भात मंग."

मी नकाशेवाला, कारण नव्या शहराचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात मी ट्रेसर होतो, म्हणजे तयार नकाशे पारदर्शक ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवणारा. घरमालकांच्या जमिनी त्या शहरात गेल्याच होत्या. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांनी एकच मागितलं, "तेवडी माजी वाट कागदावं घ्या. कागदावं आली म्हनजे तिला कोन हात नाय लावनार." मी खाचरांतली वाट बारीक ठिपक्यांनी काढली. साहेबांनी शीट उजेडाला धरली. "ह्या मुंग्या कोणी सोडायला सांगितल्या रे?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. 'इथून माणसं चालतात' एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. अर्ध्या ब्लेडने मी वाट खरवडून काढली. ट्रेसिंगवरची शाई फार सफाईने निघते. संध्याकाळी जेवताना, माझ्या पानात जवळा वाढायला लावून घरमालकांनी विचारलं, "घेतली न?" मी हो म्हणून मान हलवली.

पुढे ऐंशी उजाडलं. एका रविवारी मला ताप होता, ते एकटेच गेले. दुपार टळली तरी आले नाहीत, तेव्हा मी उठलो. त्यांच्याच शिस्तीने मिठागरावरून किल्ल्यावर गेलो, पलीकडे उतरलो. खाचरांच्या मधोमध, गेल्या रविवारी नसलेली, कुठल्याशा गोदामाची नवी भिंत टेकडीपासून खाडीपर्यंत गेली होती, आणि भिंतीसमोर छत्री उघडून घरमालक उभे होते. दार उघडायची वाट बघावी तसे.

"नकाशेवाले, कागदावं हाय न माजी वाट?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग ही भिंत चुकली," ते शांतपणे म्हणाले.

माघारी फिरायला मात्र तयार होईनात. "पाठ फिरवली त परतलो व्हईल." शेवटी तोंड भिंतीकडेच ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत ते निघाले, किल्ल्यापर्यंत, मग मिठागराच्या अरुंद बांधावरून घरापर्यंत. मी त्यांचा हात धरून मागे. "डावीकडे घ्या. चिखल आहे. आता बांध संपला." मिठागरातले कामकरी आधी हसले, मग हसायचे थांबले. दारात पोचल्यावर तुळशीला हात न लावता म्हणाले, "तुमी व्हते म्हनून पोचलो."

त्यानंतर ते किल्ल्यावर गेले नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत खोकल्यासारखं काहीतरी निमित्त झालं आणि गेले. तोवर रोज समोर होते. कितीदा खरं ओठांवर आलं.

नोकरी कायम झाली, सोसायटीत फ्लॅट झाला. अजूनही एखाद्या रविवारी मी किल्ल्याकडे जातो. बुरुजापाशी खाकरतो, हळूच विचारतो, "कोण आहे का आत?" आणि थोडा वेळ बाहेरच उभा राहतो. त्यांनी वाटेचं विचारलंच, तर ह्या वेळी काय सांगायचं, ते ठरलेलं आहे.