खातीनबाईचा घण

साकोलीच्या खातीनबाईने पहिल्याच भेटीत माझ्या थोबाडीत मारली. गुन्हा एवढाच की, ऐरणीवर गाडीच्या कमानीचा तापून लाल झालेला पाटा असताना मी तिच्या नवऱ्याला विचारलं, "किती वेळ लागेल हो?" तिने डाव्या हाताने मारली, कारण उजव्या हातात घण होता. त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. "पाटा लाल असला का बुढ्यासंग बोलाचं नाही," ती म्हणाली आणि जणू माशी हाकलली अशा चेहऱ्याने पुन्हा घण उचलला. मी तेव्हा लग्न झालेला, मिशा राखलेला, पवनीच्या बऱ्या घरचा माणूस. गाल चोळत काम संपेपर्यंत चिंचेखाली जाऊन बसलो.

आमच्या घरी हातमागाचा धंदा. सत्तर सालानंतर माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे भाऊंनी, लिलावातली एक जुनी जीप घेतली. तिच्यासोबत मागे जोडायचा दोन चाकांचा छोटा ट्रेलर होता. लुगड्यांच्या गाठी ट्रेलरवर घालून आठवडी बाजार करायचे, हे काम माझं. ट्रेलर चांगला होता, पण रस्ता नावाची गोष्ट चांगली नव्हती. लाखांदूरवरून साकोलीकडे येताना कुठल्या तरी खड्ड्यात खाली कडाड् आवाज व्हायचा, कमानीचा पाटा तुटायचा, ट्रेलर एका अंगाला बसायचा आणि चाक पत्र्याला घासून रबराचा जळका वास सुटायचा. मग गाठी दुसऱ्या अंगाला सारून रखडत साकोली गाठायची आणि हमरस्त्याच्या कडेला खातीनबाईच्या भट्टीसमोर उभं राहायचं.

खाती म्हणजे आमच्याकडचा लोहार. भट्टी होती खात्याची, पण नाव सगळे तिचंच घ्यायचे. ती उंच, रुंद खांद्यांची, लुगड्याचा काचा मारलेली. खाती मात्र किरकोळ अंगाचा आणि मुका वाटावा इतका गप्प. डाव्या हातातल्या सांडशीने तो लाल पाटा ऐरणीवर धरी आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने एका जागी टिक् करी. तो हात मागे घेतो न घेतो तोच त्याच जागी तिचा घण पडे. टिक् आणि धाड्, टिक् आणि धाड्. मध्ये श्वास घ्यायला जागा नसे. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. तिचा घण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडायचा आणि पाहणाऱ्याच्याच अंगावर काटा यायचा.

"मानूस आन् पाटा, ठोकल्याबिगर नीट बसत नाही," असं ती म्हणायची आणि दोघांनाही सारखंच वागवायची. एकदा भाऊंनी शहाणपणा करून तुटलेला पाटा भंडाऱ्याहून वेल्डिंग करून आणवला. तो बसवायला मी तिच्याकडे नेला. तिने तो दोन दगडांवर आडवा ठेवला, पदर खोचला आणि एकच घण घातला. पाटा जोडावरच तुटला. एक तुकडा उडून माझ्या नडगीवर बसला, त्याचा वण अजून आहे.

"गाठीवर कोन बसते बे?" तिने विचारलं.

"हमाल बसतो."

"त्याले सांग, आज तू वाचला म्हनाव. तुह्या भावाले सांग, पुढच्या वेळी तूच बस गाठीवर."

मी दोन्ही निरोप पोचवले. हमाल तिच्या नावाने नारळ फोडायला निघाला होता, भाऊ मात्र महिनाभर तिला शिव्या घालत होते. वेल्डिंग पुन्हा केलं नाही, हे खरं.

एका ट्रकवाल्याचं जे झालं ते तर अख्ख्या साकोलीने पाहिलं. "मरद होके औरत से घन चलवाता है," असं म्हणत त्याने हसता हसता खात्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. खाती भात्यावर जाऊन पडला. बाई ट्रकसमोर गेली आणि घणाने एक दिवा फोडला, मग दुसरा. ट्रकवाला लोखंडी पाना घेऊन धावून आला, तेव्हा तिने तिसरा घाव त्या पान्यावर घातला. पाना गेला रस्त्यापलीकडे आणि ट्रकवाला मनगट पोटाशी धरून खाली बसला. "दोनी डोरे फोडले तुह्या गाडीचे. आता जाय आंधरा," ती म्हणाली. चौकशीला शिपाई आला, त्याने चहा घेतला, घणाकडे एकदा पाहिलं आणि ट्रकवाल्यालाच समजावून परत पाठवलं.

डोळ्यांवरून ती बोलली, पण डोळे खरे खात्याचेच जात चालले होते. जन्मभर जाळात पाहिलेलं, वर ठिणग्या. उजव्या डोळ्यात सारा, म्हणजे पांढरा पडदा, पडला होता आणि डावाही धुरकट झाला होता. पाट्याचा लाल रंग त्याला दिसे, कड दिसत नसे. टिक् करायला तो खाली वाकू लागला आणि हात मागे घ्यायला त्याला उशीर होऊ लागला. हे आम्हा गिऱ्हाइकांना कळत होतं, मग तिला कळत नसेल का? टिक् आणि धाड् यांच्यामध्ये आता ती थांबायला लागली होती. शेजारच्या पंक्चरवाल्याने धीर करून म्हटलं, "बाई, बुढ्याले आता बसव. एक दिवस त्याचा हात जाईन." तापलेली सांडशी घेऊन ती त्याच्यामागे बसस्टँडपर्यंत धावली. तो दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. पण मागून वाटलं, की जी भीती तिने आत कोंडली होती तीच त्याने रस्त्यावर मोठ्याने बोलून दाखवली होती.

आणि तेच झालं. दिवाळीआधीचा मोसम, गाठी लादलेल्या आणि आमच्या ट्रेलरचा सगळ्यात लांब पाटा तुटलेला. ट्रकच्या जुन्या पाट्यातून तो नवा करायचा होता. लांब पाट्याच्या टोकाला बोल्ट जाण्यासाठी गोल कान वळवावा लागतो आणि ते काम फार जवळून करायचं असतं. खाती वाकला. हातोडीने टिक् केलं आणि जागा बरोबर आहे का ते बघायला तसाच वाकून राहिला. बाईने नेहमीइतकं थांबून घण सोडला होता. या वेळी धाड् असा आवाज आला नाही. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आला.

खाती ओरडला नाही. चेंदलेल्या हाताकडे न बघता तो म्हणाला, "पाटा थंडा होऊन राहिला. मार."

मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बाईने घण असा भिरकावला की तो पंक्चरवाल्याच्या दुकानाचा पत्रा फाडून आत गेला. भट्टीला लाथ घातली, निखारे रस्त्यावर पसरले. मग तिने ऐरणीवर स्वतःचं कपाळ आपटलं. पुन्हा आपटणार एवढ्यात आम्ही चौघांनी तिला धरलं आणि चौघांनाही ती आवरत नव्हती. ट्रेलर तिथेच दगडांवर टाकून मी दोघांना जीपमध्ये घातलं आणि आधी साकोलीच्या दवाखान्यात, तिथून भंडाऱ्याला नेलं. सगळ्या वाटेत तिच्या कपाळाचं रक्त त्याच्या खांद्यावर गळत होतं. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

गाठी भाऊंनी दुसऱ्याच दिवशी उचलून नेल्या होत्या, रिकामा ट्रेलर आणायला मी होळीनंतर गेलो. मनात होतं, भट्टी बंद असेल, सामान भंगारात गेलं असेल. तर लांबूनच शिव्या ऐकू आल्या आणि त्या पुरुषाच्या होत्या.

"मांगं! मांगं मार, मुर्दाडे! तुहे डोरे फुटले का माहे?"

खाती डाव्या हातात सांडशी धरून ऐरणीपाशी बसला होता. उजवा थोटा हात मांडीवर. हातोडीने जागा दाखवायला आता हातच नव्हता, म्हणून तो पाट्यावरचा लाल रंग बघून ओरडून जागा सांगत होता. आणि बाई, जिने नुसत्या एका प्रश्नासाठी माझं थोबाड रंगवलं, ती खाली मान घालून शिव्या ऐकत होती आणि सांगेल तिथे घण घालत होती. एका गिऱ्हाइकाला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "बुढ्या, बायकोले असं बोलते का?" बाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो आपली बैलगाडी सोडून पानठेल्यावर गेला.

माझा पाटा त्याच दिवशी झाला. ती ट्रेलरखाली झोपून बोल्ट आवळत असताना खाती माझ्याजवळ येऊन बसला. मी बिडी पेटवून दिली.

"तिचा हातच उठे ना, बाबू," तो हळूच म्हणाला. "घन खांद्यावरी आनावा न् रडावं. लोकं यावं न् वापस जावं. एक दिवस मले राग आला. म्हनलं, कैदाशिने, माहा हात खाल्ला, आता पोटबी खातं का? तं तिनं मारला. दुसऱ्या दिवशी मी गप होतो, तं पुन्हा उठे ना. मंग रोजच शिव्या."

"आणि तिला काही वाटत नाही?"

"तिले बरं वाटते. माहंच तोंड कडू होते." त्याने ट्रेलरखालच्या तिच्या पायांकडे पाहिलं. "पन तिचा हात उठला पायजे ना."

एवढ्यात खालून बाई ओरडली, "काय कुजबूज करून राहिला गा? पाना दे!" तो ताडकन उठला आणि जाता जाता तिला एक कचकचीत शिवी दिली. खालून ती हसल्याचा आवाज आला. तिला हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. इतकं भांडकुदळ आणि इतकं मायेचं घर मी दुसरं पाहिलं नाही, आणि आमचं घरही काही कमी भांडत नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षं त्यांची भट्टी अशीच शिव्यांवर चालली. पोरंटोरं त्या शिव्या पाठ करून शाळेत म्हणत आणि मार खात.

खाती गेला तेव्हा मी योगायोगाने साकोलीच्या बाजारात होतो. गाठी तशाच सोडून त्यांच्या दारात गेलो. तिरडी बांधून झाली होती, बाया रडत होत्या. बाई एकटी उभी होती, डोळे कोरडे. माणसं तिरडीला खांदा द्यायला वाकली, तशी ती पुढे आली आणि तिने तोंड सोडलं. मुर्दाडा, आंधऱ्या, कैदाशा. आजवर त्याने दिलेली एकेक शिवी ती त्याला परत करत होती. मोजून नव्हे, सापडेल तशी, छाती पिटत, थुंकी उडवत. एक म्हातारा म्हणाला, "बाई, मयताले असं बोलू नाही," तर तिने त्याला असा धक्का दिला की तो कुडाला जाऊन टेकला. मग कोणी पुढे झालं नाही. तिरडी जमिनीवरच होती आणि आम्ही सगळे तिच्या भोवती वाकलेले.

शेवटी तिचा घसा बसला. ती तिरडीशेजारी मटकन खाली बसली आणि तिने आमच्याकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे.

"आता मले शिव्या कोन देईन?" तिने विचारलं.

आम्ही तिरडी उचलली.