सोपट चिरणारे दात

माझ्या भावाच्या लग्नाला दीड महिना झाला आणि मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. लोक म्हणतात, ज्योत्स्ना, एवढ्याशा दातावरून काय सख्ख्या भावाशी वैर धरतेस? एवढासा म्हणे! ज्याचा गेला त्याला विचारा की.

दात आमच्या आईचा. मालूबाई फुलवाली म्हटलं की बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात शेंबडं पोरसुद्धा आमच्या ओट्याशी आणून सोडेल. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते, योगेंद्र आठवीत. तेव्हापासून आईने हार-गजरे बांधूनच आम्हाला वाढवलं. पण तिचं खरं नाव मुंडावळ्यांसाठी. नवरदेव कोणाचाही असो, मुंडावळी मालूबाईकडूनच. तिची मुंडावळी कपाळाला रुतत नाही, घामाने ढिली पडत नाही, कारण ती सुती दोऱ्यावर बांधलेली नसते. ती असते केळीच्या सोपटावर. केळीच्या खोडाची सुकलेली साल म्हणजे सोपट. तुकईथडचा भिकनमामा दर पंधरवड्याला त्याचा भारा बसच्या टपावर टाकून आणतो. आई ते भिजत घालते आणि मग चिरून त्याचे दोरे काढते.

चिरते कशाने? दातांनी. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, बरोबर गव्हाचा दाणा बसेल एवढी. सोपटाचं टोक नखाने जरा फाडायचं, त्या फटीत धरायचं आणि दोन्ही हातांनी सर्रकन ओढायचं. एका पट्टीचे दोन सारखे दोरे! नखाने चिरायला जा, दोरा कुठे जाड, कुठे पातळ, आणि मध्येच तुटतो. मी करून पाहिलंय. बाबा होते तेव्हापासून, तीस वर्षं आई हे करत आली. तोंड सदा तुरट, ओठांना केळीचा काळपट डाग. आणि हसायला लागली की ती फट पहिली दिसायची. हसायचीही खूप, मेली, कशावरही.

योगेंद्र इंदूरला कंपनीत लागला तसा त्याला आईचा ओटा खुपायला लागला. मित्र आले की बाहेरच्या बाहेर हॉटेलात नेणार. मग खंडव्याची हिमानी ठरली. पोरगी चांगली आहे, तिला मी काही म्हणत नाही. साखरपुडा झाला, फोटो मोबाइलवर आले आणि हा एकेक फोटो मोठा करून बघत बसला. प्रत्येकात आई तोंडभर हसतेय.

"मम्मी, ये गॅप बहुत दिसतो ना. शादी के फोटो तर जिंदगीभर राहतात. भरून घेऊ आपण. दोन बैठकांचं काम आहे."

"भरू काय त्यात, सिमेंट?" आई हसत म्हणाली.

"व्हेनिअर म्हणतात. दातावर पातळ पापुद्रा चिकटवतात. अगदी हिरोइनसारखी दिसशील बघ."

आई माझ्याकडे बघून लाजली. लाजली हो! पोराला आपली लाज वाटते, एवढंच तिला त्यातून कळलं आणि ती तयार झाली. आणि मी? मी म्हटलं, करून घे गं, काय हरकत आहे. कारण माझ्याही दातांत तशीच फट आहे, कॉलेजात मी तोंडावर हात धरूनच हसायचे, आणि आईचं नीट झालं की पुढचा नंबर माझा, असं योगेंद्रने कबूल केलं होतं. लग्नानंतरच्या सोमवारची माझी वेळसुद्धा घेऊन ठेवली होती. आईच्या दातावर मी पण पाणी सोडलं, हे मला कबूल केलंच पाहिजे.

दवाखान्यात एसी, काचेचा दरवाजा, भिंतीवर दात दाखवणाऱ्या बायका. डॉक्टर तसा सज्जन वाटला. आईला खुर्चीत आडवं केलं, तोंडात चिमटे घातले, आणि मग कागद हातात घेऊन योगेंद्रला विचारलं, "काय काम करतात या? दातांनी काही तोडणं, ओढणं, अशी सवय आहे का? नंतर जोर चालणार नाही."

"नाही नाही," योगेंद्र म्हणाला. "घरीच असते. हाउसवाइफ है."

हाउसवाइफ! ज्या बाईच्या फुलांवर तुझ्या कॉलेजची फी भरली गेली, तिचं काम तुला चार माणसांत तोंडातून काढवेना! मी समोर स्टुलावर बसले होते. सगळं ऐकलं. आणि मूग गिळून बसले. आईच्या तोंडात कापूस कोंबलेला, ती बोलणार काय? नुसते डोळे हलवले. डॉक्टरने समजावलं की पुढून थोडासा दात घासावा लागेल, एकदा घासला की परत येत नाही. योगेंद्रने सही केली. मशीन सुरू झालं आणि तीस वर्षांची अवजारं त्यांनी घासून टाकली.

दहा दिवसांनी पापुद्रे बसले. फट गायब. दात पांढरेशुभ्र, सारखे. आणि बाई हसायची बंद झाली. काही लागेल, निघेल, म्हणून ओठ मिटून असायची. हारांना सुती दोरा चालतो, तो ती कातरीने कापायला लागली. मुंडावळीचं गिऱ्हाईक आलं की म्हणायची, पोराचं लगीन होऊ द्या, मग बघू. मला वाटलं, घाईत आहे. मला मेलीला एवढंही कळू नये!

लग्नाच्या आदल्या सकाळी मी अंगणात गेले तर ही सोपटाचा भारा सोडून बसलेली. टोपल्यात मोगऱ्याच्या कळ्या. मांडीवर तुटक्या दोऱ्यांचा ढीग. बोटं सोलवटली होती.

"अगं, दादाने मोत्यांच्या मागवल्यात ना ऑनलाइन," मी म्हटलं.

"अर्ध्या बऱ्हाणपूरच्या पोरांना मी बांधल्या," ती म्हणाली. "माझ्या पोरानं मोत्यांच्या घालायच्या?"

आणि मी काही म्हणायच्या आत तिने सोपट दातांत धरलं. जुन्या सवयीने फट शोधली. फट नव्हती. तरी ओढलं. कट्‌ असा आवाज झाला आणि पांढरा तुकडा कळ्यांमध्ये पडला. आईने तोंडावर हात धरला. उघड्या पडलेल्या दाताला वारासुद्धा सोसत नव्हता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. जरा वेळाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ज्योती, इकडं ये. तोंड उघड."

तिने सोपट माझ्या दातांत धरवलं. कसं धरायचं, मान किती मागे न्यायची, हात कुठे थांबवायचे, सगळं खुणेनं. पहिले पाचसहा तुटले, हिरडीतून रक्त आलं, तोंड तुरट झालं. सातवा सर्रकन आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. आईने तो उन्हात धरून बघितला आणि कळ्या बांधायला घेतल्या.

लग्नाच्या दिवशी योगेंद्र मोत्यांच्या मुंडावळ्यांचा डबा घेऊन आला. "मम्मी, ये क्या..." एवढंच म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मांडवातले पाहुणे ऐकत होते, ऐकोत! म्हटलं, "ही हाउसवाइफने बांधलीय. घालायची तर घाल, नाहीतर उघड्या कपाळाने उभा राहा." त्याने मान खाली घातली. आईने स्वतः बांधली. लग्नाच्या एकाही फोटोत ती हसलेली नाही.

सोमवारी माझ्या वेळेला मी आईलाच दवाखान्यात नेलं. योगेंद्रही आला. डॉक्टरने तुटका दात बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. "मी बजावलं होतं ना? काय ओढलं यांनी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सोपट, मुंडावळ्या, तीस वर्षं. डॉक्टरचा आवाज चढला. "हे आधी का नाही सांगितलं? मी या दातांना हात लावला नसता!"

आई खुर्चीत उठून बसली, गळ्यातलं ते कागदी लाळेरं काढलं आणि डॉक्टरच्या हातात दिलं.

"माझे दात होते, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं पोराला."