ठमीच्या उलट्या आणि अप्पांचं ताट

सोनोग्राफीसाठी ठमीच्या पोटावरचे केस भादरले होते आणि ती माझ्या दंडात नखं रुतवून पडली होती. डॉक्टर मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आतड्याची भिंत जाड झालीय. दोन शक्यता आहेत. एक क्रॉनिक एन्टरोपथी, म्हणजे आतड्याला कायमची आलेली सूज. दुसरी लिम्फोमा."

लिम्फोमा म्हणजे कॅन्सर, एवढं मला माहीत होतं. मला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला. डॉक्टरांचा नव्हे. "मांजर ओकतंच हो" असं म्हणून वर्षभर मला गप्प बसवणाऱ्या सगळ्या जगाचा.

ठमी आमची मांजर, चौदा वर्षांची. माणसाच्या हिशेबानं सत्तरी ओलांडलेली. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत ती डोळे उघडायच्या आधी आली आणि माझे सासरे, म्हणजे अप्पा, यांच्या धोतराच्या सोग्यात वाढली. अप्पांचं आयुष्य रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगण्यात गेलं. आता गुडघ्यांमुळे ते घरीच असतात. मी आणि माझा नवरा मिलिंद सकाळी नाशिक रोडला नोकरीला निघालो की घरात दिवसभर अप्पा आणि ठमी, दोघंच.

उलट्या सुरू झाल्या तेव्हा महिन्यातून एखादी व्हायची. मग आठवड्याला, मग दिवसाआड. कधी न पचलेलं अन्न, कधी पिवळं पाणी, कधी नुसता फेस. जागा मात्र ती निवडून काढायची: मिलिंदचा इस्त्रीचा शर्ट, पूजेचं आसन, माझी चप्पल. शेजारच्या काकू म्हणाल्या, केस गेले असतील पोटात, आणि दुर्वांची जुडी आणून दिली. ठमीनं दुर्वा खाल्ल्या आणि दुर्वांसकट ओकली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं ऊन बाधलं. पहिल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्या घरी म्हातारी मांजर असेल आणि ती दर आठवड्याला ओकत असेल, तर "मांजर ओकतंच" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. आणि उलटीचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना रंग, फेस, अन्न सगळं बघायचं असतं. माझा फोन अशा फोटोंनी भरलाय. मिलिंदच्या आत्याला भाचीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवताना मधेच ते आले, तेव्हापासून आत्या माझा फोन हातात घेत नाहीत.

गंगापूर रोडच्या या दवाखान्यापर्यंत पोचणं हीसुद्धा एक शिक्षाच. मांजर बघून रिक्षावाला पुढे निघून जातो. मिलिंद स्कूटर चालवणार, मी मागे पिंजरा मांडीवर घेऊन बसणार, आणि ठमी होळकर पुलावर असं ओरडणार की आम्ही तिला पळवून नेतोय असं लोकांना वाटावं. बाहेरच्या बाकावर सगळे लॅब्रेडॉरवाले. त्यातला एक मला म्हणाला, "मांजरीसाठी एवढं करता?" मी उत्तर दिलं असतं तर त्याच्या कुत्र्यानंसुद्धा कान पाडले असते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. किडनी वयाच्या मानानं ठीक, थायरॉइड ठीक. मग सोनोग्राफी, आणि त्यात ते जाड आतडं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सूज की लिम्फोमा, हे सोनोग्राफीवरून कळत नाही. त्यासाठी बायोप्सी लागते, पोट उघडून आतड्याचे लहान तुकडे तपासायला पाठवायचे. या वयात, एवढं वजन उतरलेलं असताना भूल देणं मला धोक्याचं वाटतं. आधी डाएट ट्रायल करू."

डाएट ट्रायल म्हणजे महिनाभर फक्त एकच अन्न. त्याला हायड्रोलाइज्ड डाएट म्हणतात. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की बिथरलेलं आतडं त्यांना ओळखत नाही आणि भांडायला उठत नाही. त्याखेरीज पाणी. बाकी काही म्हणजे काही नाही. "एक कणसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "एका घासानं सगळं पाण्यात जातं. सूज असेल तर याच्यावर उतरेल. नाही उतरली, तर मात्र आपल्याला वाईटाचा विचार करावा लागेल."

ते दाणे घरी आले. अप्पांनी वास घेऊन विचारलं, "यात काय असतं?" मी म्हटलं, "औषध." भिंतीवरची पाल मटकावणारी ठमी आमच्या घरात शाकाहारी समजली जाते, त्यामुळे पिशवीवरचं सगळं मी वाचून दाखवलं नाही.

ठमी दोन दिवस त्या दाण्यांकडे पाठ करून बसली. मांजर उपाशी ठेवायची नसते, लिव्हर बिघडतं, म्हणून मी कोमट पाण्यात भिजवून बोटानं तिच्या ओठांना लावत बसायची. शेवटी खायला लागली. पण उलट्या चालूच राहिल्या. सकाळी बरी असायची. संध्याकाळी मी दार उघडून आत यायची, तर अप्पा म्हणायचे, "झाली गं एक. सोफ्यामागे."

डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही पोटात जात नाही ना? मी छातीठोकपणे नाही म्हटलं आणि घरी येऊन सगळ्यांना फैलावर घेतलं. मिलिंदनं कबूल केलं की एकदा बोटावर दही चाटवलं. त्यावरून आमचं जे भांडण झालं ते गल्लीत ऐकू गेलं असणार. काकूंना मी ठमीला दूध घालायला बंदी केली, त्या महिनाभर रुसल्या. अप्पांना विचारताना मी जरा आवाज खाली आणला. त्यांनी जानवं हातात धरलं आणि म्हणाले, "मी तिला काही देत नाही." अप्पा खोटं बोलत नाहीत. म्हणजे उरला तो लिम्फोमाच.

बायोप्सी ठरली. आदल्या दिवशी मी रजा घेतली. ठमीजवळ बसावं, एवढंच मनात होतं. तिच्या पाठीचे मणके हाताला लागत होते. ती उद्या भुलेतून उठली नाही तर, हा विचार मी सकाळपासून झाडून टाकत होते आणि तो परत येत होता.

दुपारी अप्पांना मीच वाढलं. एरवी पोळ्यावाल्या बाई झाकून ठेवतात आणि ते आपलं आपण घेतात. रविवारी मी घरी असते, पण तेव्हा माझी पाठ त्यांच्याकडे असते आणि तोंड तव्याकडे. त्या दिवशी काम नव्हतं म्हणून समोर बसले. गुडघे दुखत असले तरी अप्पा पाटावरच जेवतात. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या बाजूला जमिनीवर वरण-भात-तुपाच्या चिमूटभर चित्राहुती घातल्या. चित्राची, चित्रगुप्ताची, यमाची, आणि शेवटची सगळ्या भूतमात्रांची. ठमी पाहुण्यासारखी पाटाशेजारी बसली होती. अप्पा जेवून हात धुवायला उठले, आणि तिनं त्या चित्राहुती एकामागून एक संपवल्या. मग फरशी चाटून साफ केली.

मी बघत राहिले. अप्पा परत आले तेव्हा म्हटलं, "अप्पा, हे काय?"

"काय?"

"तिनं वरण-भात खाल्ला. तुम्ही जानवं हातात घेऊन म्हणाला होतात, काही देत नाही."

"देत नाहीच. मी चित्राहुती घालतो. त्या ज्यांच्या त्यांना पोचतात. मागे राहतं ते कोणाचं नसतं."

"पण ते ती रोज खाते."

"चौदा वर्षं खातेय. शेवटचा घास सर्व भूतांचा असतो. ती भूतांत येत नाही का?"

मला किंचाळावंसं वाटलं. महिनाभर त्या दाण्यांची आराधना केली, नवऱ्याशी भांडले, शेजार तोडला, रात्ररात्र कॅन्सरबद्दल वाचत बसले, आणि हिंग घातलेलं तुरीचं वरण रोज दुपारी मंत्र म्हणून तिच्यापुढे ठेवलं जात होतं. आणि या माणसाला मी खोटारडा म्हणू शकत नव्हते, ह्याचा राग सगळ्यात जास्त.

डॉक्टरांना फोन केला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग ट्रायल झालीच नाही. बायोप्सी पुढे ढकलू. पुन्हा पहिल्यापासून. पण तिचं वजन बघता, ही एकच संधी आहे आपल्याकडे."

मी अप्पांना सांगितलं, चित्राहुती बंद करा. ते म्हणाले, मुंजीपासून एक दिवस चुकलेल्या नाहीत, आता शेवटाला चुकवू? मी म्हटलं, मग ठमीला खोलीत कोंडते. कोंडली. ती आतून अशी रडली की अप्पा दोन घासांवर उठले. संध्याकाळी मिलिंद मधे पडायला गेला, त्यालाही मी सोडलं नाही. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा रजेवर होते. अप्पांना वाढलं आणि ठमीला उचलायला वाकले, तर ते म्हणाले, "राहू दे तिला."

त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. भाताला हात लावला नाही. पळीतलं पाणी बोटांवर घेतलं आणि एकेक नाव घेत जमिनीवर एकेक थेंब ठेवला. यमाचं नाव घेताना जरा थांबले. म्हणाले, "त्याचा घास ही इतकी वर्षं खात आली. आता तो तिच्याकडे बघायला लागला तर? त्याला पाण्यावरच ठेवू."

ठमी पुढे झाली. थेंब हुंगले आणि चाटून टाकले.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "पाणी चालतं ना गं डॉक्टरांना?"

मी मान डोलावली. त्यांच्या ताटात तूप वाढायचं होतं, पण मला वाटी दिसत नव्हती.

त्याला आता बरेच महिने झाले. उलट्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. पंधरा-वीस दिवसांतून एखादी होते, आणि मी अजून चिडते. पण पाठीचे मणके हाताला लागत नाहीत, आणि बायोप्सीचं नाव डॉक्टरांनी काढलेलं नाही. दवाखान्यातल्या बाकावर कोणी नवीन मांजरवाली भेटली की मी तिला सांगते, घरात कोण काय देतं हे विचारू नका, लोक खरंच सांगतात. एक दिवस घरी राहा आणि जमिनीवर काय पडतं ते बघा. अप्पांचं मात्र मी तिला सांगत नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसानं एका मांजरीसाठी देवांना पाण्यावर ठेवलं, हे तिला खरं वाटणार नाही. मलाही रोज दुपारी ऑफिसात डबा उघडताना ते पुन्हा एकदा खरं मानून घ्यावं लागतं.