करडईच्या तेलात रुतलेला ड्रायव्हर: तामलवाडी ते परंडा आणि परत

सगळ्यात आधी आली ती गयाबाई. येणारच. आमच्या दारात परगावची चप्पल दिसली की शेजारच्या गयाबाईला पिठाची वाटी आठवते. त्या दिवशीही वाटी घेऊन आली आणि पीठ मागायचं विसरून उंबऱ्यावरच बसली, कारण माझी नात सुजाता ओसरीवर एका टँकरचा माणूस करत होती.

खोटं न्हाय सांगत. वीतभर लांबीचा खेळण्यातला टँकर, रुपेरी टाकी, निळं तोंड, रबराची काळी चाकं. सुजातानं टाकी मधोमध उघडली, तिचे दोन पाय झाले. तोंड दुमडलं, छाती झाली. दारांचे हात झाले. आणि शेवटी मानेतून लाल डोळ्यांचं एवढंसं डोकं वर आलं.

"अगं बया," गयाबाई म्हणाली, "ड्रायव्हर आतच बसला व्हता व्हय!"

तेव्हापासून त्याचं नाव ड्रायव्हर. दुपारपर्यंत अर्धी आळी बघून गेली. ऐंशी सालानंतरचा तो दुष्काळ. गावात पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळं टँकर म्हणलं की बायका हातातलं काम टाकून उठायच्या. कुणीतरी विचारलं, माणूस झाल्यावर ह्याच्यातलं पाणी कुठं जातं? गयाबाई म्हणाली, "जातंय की पुढाऱ्याच्या हिरीत. खऱ्या टँकरचं कुठं जातंय मग?"

आमचे मालक रोजगार हमीच्या कामावरून आले. त्यांनी बाजारात बैल बघावा तसा तो बघितला. आधी पाय चाचपले, मग मान, मग जमिनीवर सोडून चाल बघितली. "खांद्याला मजबूत हाय," म्हणाले, "पर गुडघ्यात करकरतोय."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले, आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेले.

आता सुजाता कोण ते सांगते. माझ्या रमाची थोरली, तेव्हा सात वर्षांची. मीही काही म्हातारी नव्हते, चाळिशीच्या आत आजी झाले होते. जावई कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, राहायला क्वार्टर, दारात नळ. आमच्याकडं धूळ आणि टँकरचं पाणी, लेकरू आजारी पडंल, म्हणून विहीणबाईंनी तिला तोवर एकदाही पाठवलं नव्हतं. त्या साली पोरीनं हट्टच धरला, तेव्हा कुठं आठ दिवस मिळाले. "रविवारी मी स्वतः न्यायला येणार," असं बजावून सांगितलेलं.

ड्रायव्हर मात्र कुणाला न विचारता आला होता. विहीणबाईंचा धाकटा मुलगा मस्कतला फिटर. त्यानं तो पाठवला होता, आणि विहीणबाईंनी तो खोक्यासकट शोकेसमध्ये काचेमागं ठेवला होता. खोक्यावर चित्र होतं, पाहुण्यांनी चित्र बघायचं. सुजातानं रिकामं खोकं जागच्या जागी ठेवलं आणि ह्याला फ्रॉकांच्या खाली घालून तामलवाडीला आणलं.

आणि मी काय केलं? गुडघा करकरतो म्हणून तेल घातलं. घरात तेल एकच, करडईचं, परंड्याच्या माझ्या भावानं दिलेलं. सगळ्या सांध्यांत सोडलं आणि मुरावं म्हणून पत्र्यावर उन्हात ठेवलं. चैतातलं ऊन, आणि तेही दोन दिवस. तेलाच्या बरणीचं तोंड कसं चिक्कट होतं हे जन्मभर बघणारी बाई मी, पण मायेपुढं अक्कल चालत न्हाय.

गुरुवारी खाली काढला तर ड्रायव्हर जाम. एक पाय टाकीत, एक बाहेर, डोकं अर्धं वर. ना धड टँकर, ना धड माणूस. मी जोर लावणार, तेवढ्यात सुजातानं माझा हात धरला. रडली न्हाय. हळू आवाजात म्हणाली, "आजी, आता माई मला इथं परत कधीच पाठवणार नाही." माई म्हणजे विहीणबाई.

मालक म्हणाले रॉकेलात बुडीव. पण रॉकेलानं तो रुपेरी रंग सुटला तर? मी म्हणलं, ज्याचं तेल त्यालाच विचारायचं. रविवारच्या आत परंडा गाठायचा.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ड्रायव्हर, दुसऱ्या फडक्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. तुम्हाला ह्या वाटेनं जायचं असेल तर शुक्रवार टाळा. तुळजापूरच्या स्टँडवर मंगळवारी आणि शुक्रवारी देवीला येणाऱ्यांची गर्दी असते, बार्शीच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत न्हाय. आम्हाला जागा मिळाली ती सुजातामुळं. एक बाई म्हणाली, "लेकराच्या हातात काय हाय, आजारी बाहुली हाय का?" आणि सरकून बसली.

कंडक्टर आला. माझं पूर्ण, पोरीचं अर्धं. मग त्यानं ड्रायव्हरकडं बोट केलं. "ह्याचं तिकीट?"

"हा टँकर हाये," सुजाता म्हणाली. चार दिवसांत तिची बोली आमच्यासारखी झाली होती.

"टँकर? मग आमच्या गावाला उतरू दे बाई ह्याला. आमच्याकडं तर आठ दिवस झालं आला न्हाय."

सगळी गाडी हसली. खिडकीबाहेर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, रस्त्याच्या कडंला खडी फोडणाऱ्या बाया, एका ठिकाणी जनावरांची छावणी. सुजाता छावणीतल्या गाई मोजत होती आणि एकीकडं अंगठ्यानं ड्रायव्हरचा गुडघा दाबून बघत होती.

बार्शीला गाडी बदलायची. स्टँडबाहेरची भजी गरम असली तरच खा, गार झाली की तेल पितात. तिथून परंडा तासाभरावर. रस्ता असा की पुढच्या बाकावर बसलेलं माणूस परंड्याला उतरताना मागच्या बाकावर निघावं. पुढंच बसा.

माझा धाकटा भाऊ बापू तिथल्या सहकारी तेलघाणीवर कामाला होता. घाणीचा वास स्टँडवरून धरायचा आणि चालत सुटायचं, पत्ता विचारायची गरज न्हाय. त्या साली करडई पिकलीच नव्हती, जुन्या मालावर एक घाणी चालू, दुसरी झाकून ठेवलेली. पेंडीसाठी मात्र जनावरवाल्यांची रांग.

बापूनं ड्रायव्हर हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "आक्का, उन्हात ठिवलं व्हतंस?"

"दोन दिस."

"अगं, मग हे रोगण झालं की! म्हातारे मोटंच्या चामड्याला हेच लावायचे, पाणी मुरू नये म्हणून. वाळलं की दगड. टँकरला रोगण लावणारी तूच पहिली. आता गळायचा मातूर न्हाय, बग!"

"बापू, चेष्टा पुरे. रविवारी विहीणबाई येत्यात."

विहीणबाईंना तोही ओळखून होता. मग म्हणाला, "तेलाचा चिकटा तेलच काढतंय." ताजं करडईचं तेल वाटीत कोमट केलं, कोंबडीच्या पिसानं एकेका फटीत सोडलं आणि सांगितलं, दोन तास ह्याला हात लावायचा न्हाय, जावा किल्ला बघून या.

परंड्याचा किल्ला बघण्यासारखाच आहे. भोवतीचा खंदक कोरडा, त्यात शेळ्या चरत होत्या. आत तोफा आहेत, एवढ्या मोठ्या की सुजाता एकीच्या तोंडात हात घालून खांद्यापर्यंत गेली. पाणी बरोबर न्या, सावली थोडी आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी किल्ला आम्ही अर्धाच बघितला. प्रत्येक बुरजावर पोरगी एकच विचारायची, "आजी, मऊ झालं असंल का?" दोन तासांचा सव्वा तास झाला आणि आम्ही माघारी.

घाणीवर सगळे गडी ड्रायव्हरभोवती उकिडवे बसलेले. पेंड न्यायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "आरं, पाय धर आन वढ. वासरू अडल्यावर काय करतो?" बापूनं पाय धरलाही.

"थांबा!" सुजाता ओरडली. "आधी डोकं आत. मग हात. पाय शेवटी. जोर नाही लावायचा, आजोबा, तो आपणहून येतो."

घाणीवरचे दांडगे गडी, पण सात वर्षांच्या पोरीचं ऐकून बसले. बापूनं अंगठ्यानं डोकं दाबलं. काही न्हाय. परत थोडं तेल, परत दाबलं. मग कट्‍कन आवाज झाला. मोडलं, असंच वाटलं. पण डोकं आत गेलं होतं. मग उजवा हात. मग पाय, आधी एक, मग दुसरा. टाकी मिटली. म्हातारा म्हणाला, "सुटली!" जणू म्हैसच व्याली.

डावा हात मात्र पुरा आत जाईना. टँकरच्या दाराला करंगळीएवढी फट राहिलीच, आणि छातीवरचा चांदणीचा कागद तेलानं सुटून बापूच्या बोटाला चिकटला. कोमट पाणी आणि साबणानं पुसून, भुशात घोळवून कोरडा केला. शेवटी शेजारच्या शिंप्याकडून मशीनचं तेल आणून थेंबथेंब घातलं. हे लक्षात ठेवा: खेळण्याला मशीनचं तेल, ते वाळत न्हाय. करडईचं भाजीला.

शनिवारी माघारी निघालो. गाडीत मी मनाशी जुळवत होते, विहीणबाईंना काय सांगायचं. फट कशी लपवायची. चांदणी डिंकानं बसंल का. बार्शीला उतरलो आणि सुजातानं माझा पदर ओढला. रसवंतीच्या बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, विहीणबाई बसलेल्या.

"जयभीम, विहीणबाई," म्हणाल्या. "रविवारी येणार होते. पण काल शोकेस पुसायला काढलं, तर खोकं हलकं लागलं."

सुजाता माझ्यामागं गेली. तिच्या तोंडून काही निघायच्या आधी मीच बोलले. "पोरीनं आणला, पर बिघडवला म्या. करडईचं तेल घातलं, उन्हात ठिवला. हात पुरा बसत न्हाय, चांदणी निघाली. तिला बोलू नका, मला बोला."

त्यांनी हात पुढं केला. मी लुगड्याचा तुकडा सोडून ड्रायव्हर दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला.

"रमाला लहानपणी बी तुम्ही हेच तेल लावलं व्हतं का?" म्हणाल्या. "तरीच आमच्या घरात येऊन चिकटून बसलीय."

मला हसावं का रडावं कळेना. मग त्या सुजाताला म्हणाल्या, "कसं करतात गं? मला येत न्हाय. मी कधी हातच लावला न्हाय, मोडंल म्हणून." पोरगी पुढं आली. रसवंतीच्या बाकड्यावर टँकरचा माणूस झाला. तुळजापूरची गाडी यायला उशीर होता, बघता बघता माणसं गोळा झाली. एकानं विचारलं, "कुठं मिळालं हो हे?"

"माझ्या धाकट्यानं पाठवलंय, मस्कतहून," विहीणबाई म्हणाल्या. "फिटर हाय तो. तीन वर्षं झाली, आला न्हाय." आणि मग बोलतच सुटल्या, तो लहानपणी घड्याळं कशी उघडायचा, सायकल कशी सोडायचा. मी त्यांना एवढं बोलताना पहिल्यांदा बघितलं. एका बाईनं हाताच्या फटीकडं बोट केलं. विहीणबाईंनी तिला सुनावलं, "ड्रायव्हर हाय, हात बाहेर काढूनच गाडी चालवणार."

आता माझं मत. खेळणं म्हणून ड्रायव्हर पहिल्या नंबरचा. वजनदार, छाती धातूची, चाकं खरी फिरणारी, आणि बदलायचा क्रम असा की लेकराला तो आपण शोधून काढल्यासारखा वाटतो. खोड एकच, गुडघे पहिल्यापासून घट्ट. जमवून ठेवायची वस्तू म्हणून मात्र माझ्या हातानं त्याची किंमत गेली. आता लोक असली खेळणी खोक्यासकट जपतात, असं सुजाता सांगते. तिच्या घरी तो आहे अजून, चांदणीविना. हात लावायला कुणालाही मनाई न्हाय. सांध्यांत बोट घातलं तर अजून करडईचा वास येतो, ती म्हणते. मला तर वाटतं ती माझं मन राखायला म्हणते.

शनिवारी विहीणबाई आमच्याकडंच राहिल्या. रविवारी सकाळी खरा टँकर आला, तेव्हा आमचे हंडे घेऊन गयाबाईच्या पुढं घुसल्या आणि भांडून दोन हंडे भरून घेऊन आल्या. "क्वार्टरच्या नळाला असली मजा न्हाय," म्हणाल्या. गयाबाईनं पुढं दोन दिवस ते मनात ठेवलं.

दुपारी फाट्यावर दोघींना गाडीत बसवलं. पोरीला परत कधी पाठवाल, हे विचारायचं धाडस कुणाचं होतं? गाडी सुटता सुटता विहीणबाईंनीच खिडकीतून डोकं काढलं.

"विहीणबाई, बुद्धपौर्णिमेला येतो आमी दोघी. सकाळच्या गाडीनं."