सरकारी जमिनीवरचे श्रमदान

मला तिकडची हवा मानवेना म्हणून मी सिंगापूर सोडले, असे आमच्या त्या वसाहतीतील मराठी मंडळी आजही सांगतात. तिथला रस्ता तिथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांच्या अर्जामुळे झाला, असेही सांगतात. दोन्ही विधाने खोटी आहेत. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. परंतु सौजन्यापोटी सांगितलेले खोटे दुरुस्त करायला कोणी पुढे येत नाही, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

या शतकाचे पहिले दशक निम्मे सरले असताना माझ्या मुलाने बेटाच्या ईशान्य टोकाला एका नव्या कोंडोत, म्हणजे खासगी गृहसंकुलात, फ्लॅट भाड्याने घेतला. पुढे वस्ती नव्हतीच. तोडलेले रान, अर्धवट उभ्या इमारती आणि लाल माती. बसथांबा समोर दिसे, पण मधली मोकळी जमीन सरकारी, आणि तिच्यातून जाणारी वाट चिखलाची. चिखल टाळायचा तर बांधकामाच्या लॉऱ्या ज्या रस्त्याने धावत त्याच्या कडेने वळसा घ्यावा लागे, आणि त्या रस्त्याला पदपथ नव्हता. माझी सून नातीला बाबागाडीत घालून त्या कडेने चाले. लॉरी गेली की बाबागाडीचे छत फडफडून मागे पडे. ती थांब्यावर पोहोचेपर्यंत मी बाल्कनीतून हलत नसे.

आम्ही सारे पासवर, म्हणजे तिथे राहण्याच्या मुदतीच्या परवान्यावर, जगणारे. मुलाचा पास त्याच्या तांजोंग पगार भागातील कंपनीमार्फत, सुनेचा आणि नातीचा त्याच्या आधाराने, माझा तर पाहुण्याचा. त्याचा पास गेला की सारे घर विमानात. हे कोणी उच्चारत नसे, परंतु प्रत्येक जण त्याच हिशेबाने वागे.

चिटणिसांनी अर्ज केला होता, हे मी नाकारत नाही. रस्ता नियोजनात आहे, असे नम्र उत्तरही आले होते. केव्हा होणार, याविषयी त्यात अक्षर नव्हते.

मी आयुष्यभर बांधकाम खात्यात रस्ते केले. सातारा भागातील माझा अनुभव असा, की गावाने आधी स्वतः मुरूम टाकावा आणि मग सरकारला बोलवावे. निम्मे काम झालेले दिसले की साहेबाला नाही म्हणणे जड जाते. मी हे सुचवले तेव्हा चांगी बिझनेस पार्कात बँकेत काम करणारे हे चिटणीस म्हणाले, “काका, हे सातारा नाही. इथे अर्ज करायचा आणि थांबायचं.”

“थांबा की,” मी म्हणालो, “तुमचं कोण त्या लॉऱ्यांच्या कडेने चालतंय?”

एका रविवारी सकाळी वसाहतीतील चार-पाच तरुण इंजिनिअर आणि मी खाली उतरलो. कंत्राटदाराने टाकून दिलेल्या विटांच्या तुकड्यांचा ढीग जवळच होता. आम्ही तुकडे अंथरले, वर वाळू पसरली, मध्यभागी किंचित उंचवटा ठेवला, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निघून जावे. सुनेने पोहे आणले. चिटणीसही आले, पोहे खाल्ले आणि फोटो काढून घेतले. हा तपशील त्यांच्या कथनात नसतो.

चार दिवस सून त्या वाटेने गेली. पाचव्या दिवशी तिथे तारेचे कुंपण आले आणि जमीन सरकारी असल्याची पाटी लागली. आता चिखलाची वाटही बंद झाली. लॉऱ्यांचा रस्ता तेवढा उरला.

पुढच्या आठवड्यात दोन अधिकारी येऊन गेले. त्यांनी आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटेची छायाचित्रे दाखवली आणि हे काम कोणाचे, असे शांतपणे विचारले. आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते. पहारेकरी भारतीय माणसांविषयी काहीतरी बोलला, एवढीच बातमी वर आली. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये लोक मजल्याच्या आकड्यांकडे पाहू लागले. श्रमदानातील एक जण मला पाहून जिन्याने गेला. चिटणीस आमच्या दारात उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, की कोणी काही कबूल करू नये, आणि काही दिवस बाहेर मराठीही बोलू नये.

“मग शिंकायचं कोणत्या भाषेत?” मी विचारले. कोणी हसले नाही.

तिथले खासदार दर आठवड्याला एका इमारतीखालच्या मोकळ्या जागेत रहिवाशांना भेटत. मी एकटा गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून माझी पाळी येईपर्यंत थांबलो आणि टेबलाशी बसलेल्या त्यांच्या तरुण कार्यकर्त्याला सांगितले, की विटा मी टाकल्या, मीच टाकवल्या. आता रस्ता तुम्ही करा, कारण बाबागाडी लॉऱ्यांच्या कडेने जाते आहे. त्याने सारे आदराने टिपून घेतले. मग माझ्या पासपोर्टचा क्रमांक विचारला आणि मी ज्याच्याकडे राहतो त्याचे नाव. मी दोन्ही दिले. चिटणिसांचा अर्ज तिथे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

घरी येऊन मी हे सांगितले. सून उठून आत गेली. मुलाने टीव्ही बंद केला.

“बाबा, माझा पास रिन्यूअलला गेलाय. कधीच यायला हवा होता.”

“माझ्या विटांचा आणि तुझ्या पासचा काय संबंध?”

“नसेलही. पण तसं मला कोण सांगणार?” त्याने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, “तुम्ही काही दिवस साताऱ्याला जाऊन या. लोकांना सांगू, हवा मानवत नव्हती.”

म्हणजे हवेची ती गोष्ट आमच्याच घरात तयार झाली. मी भांडलो नाही, कारण आतल्या खोलीत नात झोपली होती आणि भिंती पातळ होत्या. त्याच आठवड्यात मी विमानात बसलो.

काही महिन्यांनी मुलाचा फोन आला. पास मिळाला होता. त्याचा आवाज एवढा मोकळा मी फार दिवसांनी ऐकला. मी रस्त्याचे विचारले. कुंपण काढले आहे, सिमेंटची वाट होते आहे, वर छप्परही घालणार आहेत, असे तो म्हणाला. चिटणिसांचा सत्कार ठरला आहे, हेही त्याने सांगितले.

“तुला खरं ठाऊक आहे,” मी म्हणालो.

“आहे, बाबा. पण आता ते कुठे काढू नका.”

मी परत केव्हा यावे, याविषयी तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही.